पाण्यात वाजणारा हेडफोन

ह्या सगळ्याची सुरुवात आईच्या गुडघ्यांपासून झाली. भिलाईच्या रिसाली भागातल्या आमच्या घराच्या पायऱ्या चढताना ती भिंतीला धरून थांबायला लागली, तेव्हा बाबांनी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वजन कमी करायला सांगितलं आणि रोज पाण्यात व्यायाम करा म्हणाले. स्टील प्लँटच्या टाउनशिपमधल्या स्विमिंग पूलवर बायकांची वेगळी बॅच असते, तिथे नाव घाला. येताना स्कूटरवर मागे बसून आई घरापर्यंत हसत होती, असं बाबांनी मला नंतर सांगितलं.

मी तेव्हा नुकतीच पुण्याहून परत आले होते. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कानाची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत मी काही वर्षं काम केलं होतं. कंपनीनं आमचा विभागच बंद केला आणि मी भिलाईत येऊन एका खासगी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागले. नातेवाइकांच्या बोलण्यात मी 'पुण्यात जमलं नाही म्हणून परत आलेली' होते. कोणी तोंडावर म्हणायचं नाही, पण लग्नाकार्यात चौकशीचा सूर कळायचा. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

आईला पोहण्याचा पोशाख घ्यायला मीच गेले. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा. तो घालून ती पहिल्या दिवशी पूलच्या काठाशी आली तेव्हा तिनं खांद्यावरून टॉवेल घट्ट धरला होता. बॅचमधल्या बाकीच्या बायका कठड्याचा दांडा धरून पाय मारत होत्या. कोच मॅडम उंचपुऱ्या, कधीकाळी स्पर्धांमध्ये पोहलेल्या छत्तीसगढी बाई. त्यांनी आईलाही दांडा धरायला सांगितला. आईनं टॉवेल माझ्याकडे दिला, पाण्यात उतरली, दांडा घटकाभर धरला आणि सोडला. मग एका कुशीवर वळून, एक हात पुढे टाकत, पाय कात्रीसारखे हलवत ती सरळ पलीकडच्या काठाला गेली. पाणी उडालंसुद्धा नाही.

मॅडमनी तोंडातली शिटी काढून विचारलं, माताजी, आप कहाँ सीखीं? आईनं हिंदीत सांगितलं की तिचं माहेर गोंदियाकडचं, गावाजवळ मोठा तलाव होता आणि गावातल्या साऱ्या पोरी त्यात पोहायच्या. मी काठावर टॉवेल घेऊन उभी. पस्तिशी ओलांडलेली बाई मी, आणि माझ्या आईला पोहता येतं हे मला त्या क्षणी कळत होतं. घरी आल्यावर मी तिला म्हटलं की इतक्या वर्षांत तू हे कधी बोलली कशी नाहीस. ती भाजी निवडत होती.

"मले कोणी इचारलंच नाही," ती म्हणाली.

गुडघे सुधारले. उन्हाळा संपेपर्यंत ती भिंतीला न धरता पायऱ्या चढायला लागली. आणि नेमकं तेव्हाच तिचं पूलवरून मन उडालं. आज सर्दी आहे, आज पापड करायचे आहेत, असं सुरू झालं. बाबा स्कूटर काढून दारात उभे राहायचे आणि ती आतून नाही म्हणायची. शेवटी मी खोदून विचारलं. तिचं म्हणणं असं की तलावात पोहताना काठावरची झाडं दिसायची, म्हशी दिसायच्या, मैत्रिणी ओरडायच्या. इथे खाली फरशा आणि एक काळी पट्टी. त्या पट्टीवरून जा, त्या पट्टीवरून या.

आमच्या घरात रेडिओ सकाळी लागतो तो दुपारी जेवणं होईपर्यंत चालू असतो. जुनी हिंदी गाणी, मध्येच छत्तीसगढी ददरिया, शेजारणींच्या संगतीत आई ती गाणी पाठ म्हणायला शिकलेली. स्वयंपाक, धुणं, सगळं त्याच्या तालावर. तिला शांततेची सवयच नव्हती.

"पाण्यात कान गेले का सारं मुकं होते," ती म्हणाली. "तू तर कानाचंच काम करत होती ना? मंग मले पाण्यात गाणे आयकू येईन असं काही कर."

मला वाटलं, सोपं आहे. बाजारातून वॉटरप्रूफ लिहिलेला एक ब्लूटूथ हेडफोन आणला, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून काठावर ठेवला आणि आईला पाण्यात सोडलं. ती उभी होती तोवर गाणं छान वाजलं. ती कुशीवर वळली, कान पाण्यात गेला आणि गाणं बंद. मान वर केली की चालू, खाली गेली की बंद. हेडफोनला काही झालं नव्हतं. मोबाईलमधून निघणाऱ्या लहरी हवेत दूरवर जातात, पाण्यात मात्र वीतभरात विझतात. हे मी वर्गात शिकवत होते आणि दुकानात मात्र विसरले होते.

आईनं तो हेडफोन माझ्या हातावर ठेवला. "विकतचा नाही जमणार. तूच बनव," असं ती इतक्या सहज म्हणाली, जसं काही मी स्वेटर विणणार होते.

मी एकटीनं ते केलं नसतं. कॉलेजात मेकॅनिकलला माझी एक मैत्रीण होती. तिचे वडील केरळमधून इथे प्लँटमध्ये आलेले, ती इथलीच, टाउनशिपच्या सेक्टरमध्ये वाढलेली. आम्ही दोघी हिंदीतच बोलायचो. मी तिला दुपारच्या डब्याच्या वेळी आईची मागणी सांगितली. ती हसेल असं वाटलं होतं. तिनं डबा बाजूला सरकवला आणि कागदावर एक डोकं काढलं, त्याला मागून जाणारी एक पट्टी काढली, आणि विचारलं, बॅटरी कुठे बसवायची?

दोन गोष्टी आम्ही पहिल्याच आठवड्यात ठरवल्या. गाणी बाहेरून यायची नाहीत. ती यंत्राच्या पोटातच भरून ठेवायची. आणि आवाज कानाच्या भोकातून द्यायचा नाही. भोकात पाणी शिरलं की तिथला आवाज फसफसतो. त्याऐवजी कानाच्या पुढे गालाचं जे हाड लागतं त्यावर एक थरथरणारी चकती टेकवायची. ती थरथर हाडातून थेट आतल्या कानापर्यंत पोचते. पुण्यात मी अशा चकत्यांवर काम केलं होतं, आजारी कानांसाठी. निरोगी बाईला पोहताना रेडिओ ऐकवण्यासाठी त्या वापराव्यात हे तिथे कोणाच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

पहिली चाचणी लॅबमधल्या बादलीत झाली. मैत्रिणीनं चकत्या लावल्या, वरून पोहण्याची टोपी ओढली आणि तोंड पाण्यात बुडवलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी. बराच वेळ ती वर येईना. मला भीती वाटायला लागली तेवढ्यात ती आली, नाकातोंडातून पाणी गळत होतं, आणि म्हणाली, "बज रहा है. बाहर नहीं, सीधा दिमाग के अंदर बज रहा है."

त्यानंतर मीही बुडवलं. बादलीच्या तळाचं हिरवं प्लास्टिक डोळ्यांसमोर आणि सतारीचा एक तुकडा डोक्याच्या अगदी मधोमध. त्या दिवशी मी सायकल हातात धरून घरी चालत गेले. सायकलवर बसावंसं वाटेना, घर लवकर आलं असतं.

पुढे मात्र आम्हाला पाण्यानं छळलं. मैत्रिणीनं साचा केला, आम्ही सगळं रेझिनमध्ये ओतून बंद केलं, वरून सिलिकॉनचं मऊ आवरण चढवलं. सांधा कुठेच नाही. तरी आईनं दोनचार दिवस वापरलं की ते मरायचं. पंक्चरवाला ट्यूब बुडवून पाहतो तसं आम्ही ते गरम पाण्यात बुडवून पाहिलं. बुडबुडे येत नव्हते. दुसरं केलं, तिसरं केलं. प्रत्येक वेळी आई पूलवरून आली की दारातूनच मान हलवायची, आणि मला विचारायचीही गरज उरायची नाही.

एकदा आई पांढरे कपडे निळीत घालत होती. त्या बादलीकडे बघताना मला सुचलं आणि मी एक मेलेला हेडफोन त्याच निळ्या पाण्यात रात्रभर टाकून ठेवला. सकाळी तो ब्लेडनं चिरला. रेझिनच्या डबीच्या कडा आतून कोरड्या होत्या, पण डोक्यामागून जाणारी तार सोलली तर आतले तांब्याचे केसासारखे धागे निळे झालेले. पाणी डबीतून शिरतच नव्हतं. पट्टीला टोपीजवळ जिथे सतत वाक पडायचा तिथे सिलिकॉनला न दिसणारी चीर जात होती, आणि तिथून पाणी धाग्याधाग्यांच्या मधून दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं चढत सर्किटपर्यंत पोचत होतं. मी तशीच निळ्या बोटांनी मैत्रिणीला फोन केला. तिनं वाकाच्या जागी पट्टी जाड केली. मी तारेची दोन्ही टोकं आत शिरण्याआधी धागे सुटे करून त्यांच्यात रेझिन भरलं, म्हणजे पाणी आलं तरी तिथेच अडेल. चार्जिंगच्या पिना क्लोरीननं हिरव्या पडायच्या, त्या काढूनच टाकल्या. नुसतं तबकडीवर ठेवलं की चार्ज होईल असं केलं. गाणीही पाण्याबाहेर असतानाच लॅपटॉपवरून बिनतारी आत भरायची. आता यंत्राला एकही भोक राहिलं नव्हतं.

तो हेडफोन मेला नाही. आई आठवडाभर पोहली, दोन आठवडे पोहली. आता ती बाबांच्या आधी दारात उभी राहायची.

मग कोच मॅडमनी हरकत घेतली. त्यांच्या पूलवर नियम होता की शिटी वाजली की सगळ्यांनी काठाला यायचं. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि शांतपणे म्हटलं, "पानी के बीच में सीटी वैसे भी कोई ठीक से नहीं सुनता. पर किनारे पर आकर भी ये गाने में रहेंगी तो मैं अनुमति नहीं दे सकती." मला राग आला. कान मोकळे आहेत, भोकात काही नाही, ऐकू येतंच, असं मी समजावू लागले. त्यांनी आईला हाक मारली. आई काठाला उभी होती, डोळे मिटून मान डोलवत होती. तिनं हाक ऐकली नाही.

घरी आईनं त्यात आपलीही तक्रार जोडली. काठाला आलं की बायका बोलायला येतात, कोणाची सून बाळंत झाली, कोणाचं काय. तेव्हा तिला टोपी वर करून यंत्र काढावं लागायचं, बोलून झालं की पुन्हा लावायचं. "मी उभी रायली का यानं गप्प बसलं पाहिजे," ती म्हणाली. "आडवी झाली का मंग वाजू दे."

मी तिच्याकडे बघतच राहिले. मोबाईल आडवा केला की त्यातलं चित्र आडवं होतं, ते ज्या चिमुकल्या भागामुळे होतं तो आमच्या सर्किटवर बसवायला नखाएवढी जागा पुरे होती. बाई आडवी की उभी, हे त्याला कळतं. मी तो बसवला, आणि माणूस उभं झालं की आवाज जवळजवळ शून्यावर येईल असं प्रोग्रॅममध्ये लिहिलं.

पहिल्या दिवशी आई वैतागून परत आली. पोहता पोहता समोरचा काठ किती लांब आहे हे पाहायला ती मान वर करते, आणि मान वर केली की यंत्राला वाटायचं ती उभी राहिली. गाणं तुटायचं, पुन्हा लागायचं. "उचकी लागल्यावानी वाजून रायलं," असं तिनं सांगितलं. मी त्याला थोडं थांबायला शिकवलं. नुसती मान वर गेली तर वाजत राहा. मान वर आणि अंगाची हालचालही थांबलेली, असं दोन्ही झालं तरच गप्प हो. तो थोडा वेळ म्हणजे नेमका किती, हे ठरवायला मी संध्याकाळच्या बॅचला काठावर बसून राहायचे. आई, मैत्रीण आणि बॅचमधल्या आणखी काही बायका पोहायच्या, आणि काठाला आल्या की मला बोटांनी कमी की जास्त ते दाखवायच्या. मॅडमही कधी येऊन शेजारी बसायला लागल्या. एक दिवस त्यांनी स्वतः तो लावला, पूलची लांबी दोनदा कापली आणि काठाला थांबल्या. मी न सांगता पाठीमागून हळूच हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं आणि हसल्या. दुसऱ्या दिवसापासून परवानगी मिळाली.

रायपूरला नव्या यंत्रांचं एक प्रदर्शन भरणार होतं. कॉलेजनं आमचं नाव पाठवलं. तिथे पूल नव्हता, म्हणून आम्ही एक मोठा टब नेला आणि टेबलावर ठेवून पाणी भरलं. शेजारी मोठमोठे स्टॉल, ड्रोन, रोबोटचे हात. आमच्या टबाकडे लोक येत, बोट बुडवून बघत आणि पुढे जात. परीक्षक आले तेव्हा त्यातल्या एकांनी मैत्रिणीचं सगळं ऐकून घेतलं आणि नम्रपणेच विचारलं की हे खरंच पाण्यात ऐकू येतं हे आम्ही कसं मानायचं? आणि असल्या वस्तू बाहेरच्या देशांत आधीच मिळतात ना?

मी उत्तर जुळवत होते. आई मागे खुर्चीवर बसली होती, प्रदर्शन पाहायला म्हणून आमच्यासोबत आलेली, अंगावर चांगली रेशमी साडी. ती उठली. तिनं केसांच्या पिना काढून बाबांच्या हातात दिल्या, पदर कमरेला खोचला, हेडफोन लावला आणि त्या परीक्षकांना हिंदीत सांगितलं की यात किती तरी गाणी आहेत, तुम्हाला हवं ते एक निवडा आणि मला सांगू नका. त्यांनी आमच्या लॅपटॉपवरून, यंत्र पाण्याबाहेर असतानाच, यादीतलं एक लावलं. आईनं दोन्ही हात टेबलावर टेकवले आणि तोंड कानांसकट टबात बुडवलं.

आजूबाजूचे लोक थांबले. पाण्यात तिचे केस पसरले होते. तिची बोटं टेबलावर ताल धरायला लागली तेव्हा मला कळलं की वाजतंय. ती घाईनं वर आली नाही. तलावातल्या पोरीचा दम होता तो. वर आली तेव्हा चेहऱ्यावरून पाणी निथळत होतं, साडीची पुढची बाजू सगळी भिजलेली. परीक्षक तिच्याकडून गाण्याचं नाव ऐकायला थांबले होते. तिनं नाव सांगितलं नाही. त्या गाण्याचा मुखडा गाऊन दाखवला, बरोबर सुरात.

"अभी सुनाई दे रहा है क्या, गाना?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"नहीं साहब. अभी आपका सुनाई दे रहा है," आई म्हणाली. "उभी रायली का गप्प बसते हे. माह्या पोरीनं तसं बनवलं."

शेवटची वाक्यं ती मराठीतच बोलली, पण तिथे कोणालाही समजावून सांगावी लागली नाहीत. परीक्षकांनी मग माझ्याकडे वळून उभं राहिल्यावर गप्प बसण्याचंच सगळं विचारलं. अशी सोय त्यांनी कुठे पाहिली नव्हती. बाबा गर्दीत पिना मुठीत धरून उभे होते आणि ओळख नसलेल्या माणसांना सांगत होते की ती बायको आणि ती मुलगी. बाबा जन्मभर कमी बोलणारे. त्या दुपारी त्यांनी किती जणांना हे सांगितलं असेल कोण जाणे.

आम्हाला पहिला नंबर मिळाला नाही, दुसरा मिळाला. पण तिथेच नागपूरचे एक गृहस्थ भेटले. त्यांचा पोहण्याचे चष्मे आणि टोप्या बनवायचा छोटा कारखाना होता. पुढची दीड-दोन वर्षं त्यांच्या कारखान्यात आमच्या फेऱ्या झाल्या. पट्टीची मापं, रंग, डबीवर काय लिहायचं, सगळं मैत्रीण आणि मी ठरवलं. उभं राहिल्यावर गप्प होणारी जी रचना आहे, ती आम्हा दोघींच्या नावानं नोंदली गेली. नातेवाइकांच्या चौकशीचा सूर बदलला का, असं कोणी मला विचारलं तर हो, बदलला. आणि मला त्याचा आनंद झाला, हेही मी लपवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी एका परिषदेसाठी रायपूरला मुक्कामी होते. हॉटेलच्या मागे पूल होता. सकाळी चहाचा कप घेऊन मी काठावरच्या खुर्चीत बसले, तर एक बाई पोहत होती. चाळिशीची असावी. तिच्या टोपीच्या कडेखालून आमची पट्टी दिसत होती, गडद निळी, वाकापाशी जाड. मी कप खाली ठेवला. आजवर तो हेडफोन ज्यांच्या डोक्यावर पाहिला होता ते सगळे ओळखीचे होते: आई, मैत्रीण, बॅचच्या बायका, कारखान्यातली माणसं. ह्या बाईला मी कधीच पाहिलेलं नव्हतं.

ती काठाला येऊन उभी राहिली. मी तिला हिंदीत विचारलं की हा कसा आहे, घ्यावा का. तिनं लगेच ऐकलं, वळून पाहिलं. अच्छा है, ती म्हणाली, दररोज याच्यामुळेच पाण्यात उतरते, फक्त कानाच्या वर पट्टी थोडी आवळते. मी आभार मानले. ती पुन्हा आडवी झाली आणि संथपणे पलीकडे गेली. ती आत काय ऐकत होती कोण जाणे. ती दुसऱ्या काठाला पोचून परत वळेपर्यंत मी तिथेच बसून होते. चहा गार झाला.

खोलीत येऊन मी आधी मैत्रिणीला फोन केला आणि पट्टी कानाच्या वर सैल करायला हवी असं सांगितलं. मग आईला केला. तिला सगळं सविस्तर हवं होतं, बाई कशी होती, कशी पोहत होती, टोपी कोणत्या रंगाची.

"मंग तिले सांगतलं कावून नाही, का तूच बनवला म्हणून?"

मी म्हटलं, ती लगेच पुन्हा आडवी झाली, आई. गाणं तुटलं असतं.

आई म्हणाली की ठीक आहे, पण पुढच्या वेळी कोणी भेटलं तर सांगच, आणि जमलं तर ते किती लांब पोहतं तेही नीट बघून ये.